पडद्याच्या दांडीचं इंजिन

विमानाला इंजिन लागतं, याबद्दल जगात कुठे दुमत नाही. पण ते इंजिन पडद्याच्या दांडीचं असलं तरी चालतं, हा शोध लातूरच्या दयानंदरावांनी लावला आणि तो त्यांना चांगलाच भोवला.

दयानंदराव एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. दिवसभर नियम, परिपत्रक, संदर्भ, सोबत जोडपत्र. घरी आल्यावर त्यांचा छंद म्हणजे प्लास्टिकची विमानं. खोक्यात विमानाचे सुटे भाग येतात, सोबत नकाशा येतो. सरळमार्गी माणसं नकाशा बघून जोडतात आणि शोकेसमध्ये ठेवतात. दयानंदराव तो नकाशा सगळ्यात आधी फाडतात. ऑफिसात कुणीतरी आखून दिलेलंच करायचं, मग घरीही तेच कशाला, असा त्यांचा सवाल. एकाचा पंख, दुसऱ्याची शेपटी, तिसऱ्याची चाकं घेऊन ते असं विमान बनवतात की जे कधी कुठल्या देशाने उडवलेलं नाही आणि शहाणा देश उडवणारही नाही. अर्धापूरची केळी थेट आखातात पोचवणारं विमान असतं तर ते कसं असतं? पिवळं, पोटाला फुगलेलं आणि घडांसाठी खाली आकडे असलेलं. देगलूरला विमानतळ असता तर? तर शेपटीवर मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तिन्ही पाट्या असत्या आणि त्या वाचेपर्यंत विमान निघून गेलं असतं. अशी अनेक विमानं त्यांच्या हॉलमध्ये दोऱ्याने टांगलेली आहेत. पाहुणा उभा राहिला की त्याच्या टकलाला चाक लागतं.

या छंदाला दयानंदराव ‘असतं तर’ म्हणतात. त्यांची बायको वर्षाराणी यांनाही हा प्रकार समजतो. त्या स्वयंपाकघरातून विचारतात की घरात नळ दुरुस्त करणारा माणूस असता तर तो कसा असता? तो नळ दिवाळीपासून गळत होता. दयानंदराव अशा वेळी चष्मा पुसतात.

या वर्षीचं विमान मात्र आजवरच्या सगळ्यांच्या वर जाणार होतं. देवणी तालुक्याचं स्वतःचं हवाई दल असतं तर त्याचं लढाऊ विमान कसं असतं, असा विषय. देवणी म्हटलं की जगाला आठवतात तिथली जनावरं, म्हणून विमानाचा रंगही देवणी बैलाचा: अंगभर पांढऱ्यावर काळे ठिपके आणि नाकाकडचा भाग काळा कुळकुळीत. हे सासऱ्यांना आवडेल, असं दयानंदरावांनी बायकोला सांगितलं. सासरे ग्यानोबा म्हणजे देवणी तालुक्यातल्या आपल्या गावात जनावरांची पारख असलेला माणूस. आणि आपल्या जावयाचीही पारख त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला करून टाकली होती. त्या दिवशी बैलाने नुसती मान हलवली आणि जावईबापू नव्या सफारीसकट कडब्याच्या गंजीवर चढले. उतरवायला शिडी आणावी लागली. तेव्हापासून ग्यानोबा त्यांच्याशी अतिशय आदराने बोलत. म्हणजे बोलतच नसत, फक्त पाट मांडायला सांगत. हे दयानंदरावांना फार लागलेलं होतं.

विमान जवळजवळ तयार झालं आणि अडलं ते इंजिनांपाशी. खोक्यातली इंजिनं बघून त्यांना गिरणीच्या चाळणीची आठवण झाली. आणि नेमकी तेव्हाच, हॉलच्या कपाटाच्या खणात, पडद्यांच्या कड्यांशेजारी एका फडक्यात गुंडाळलेली दोन पितळी टोकं त्यांना सापडली. पुढून निमुळती, टोकाला गोंडस बोंड, मागून पोकळ, कडेला बारीक भोकं. लखलखीत. दयानंदरावांच्या मते ही पडद्याच्या दांडीची टोकं होती, भोकं स्क्रूची. पडद्यांना आधीच प्लास्टिकची टोकं बसलेली होती, म्हणजे ही जास्तीची. बायकोला विचारावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण तिला काहीही विचारलं की बोलणं नळावर जातं, म्हणून विचारलं नाही. दोन नळ्यांतला मसाला एकत्र कालवून जो दगडासारखा गोंद होतो, त्या गोंदाने त्यांनी ती टोकं पंखाखाली एकेक अशी पक्की बसवून टाकली. बोंड पुढे, पोकळी मागे. इतकी देखणी इंजिनं कुठल्याही हवाई दलाकडे नव्हती. ते कितीतरी वेळ डोकं वाकडं करकरून बघत राहिले.

पोळा दोन दिवसांवर आला तेव्हा ग्यानोबांचा लेकीला फोन आला. शेंब्या घेऊन या, म्हणाले.

शेंबी म्हणजे बैलाच्या शिंगाच्या टोकावर चढवायचं पितळी टोपण. या शेंब्या साध्या नव्हत्या. गावात पोळ्याला मारुतीच्या देवळापुढे तोरण बांधतात आणि त्याखालून पहिला जातो तो मानाचा बैल. ज्याच्या शिंगांत या जुन्या शेंब्या, तो बैल पुढे, अशी गावाची रीत. तो मान ग्यानोबांच्या दावणीला होता. पोळ्याच्या दिवशी शेंब्या शिंगांत नसल्या तर मान जाणार शेषेरावांच्या घरी. शेषेराव ग्यानोबांचे बांधाला बांध लागलेले शेजारी आणि ते या एका दिवसाची वाट दरवर्षी पाहत. वर्षाराणींनी मागच्या खेपेला त्या शेंब्या उजळून घ्यायला लातूरला आणल्या होत्या, भांडेबाजारातून उजळून आणल्या होत्या आणि फडक्यात बांधून खणात ठेवल्या होत्या.

वर्षाराणींनी खण उघडला. फडकं होतं. मग त्यांनी मान वर करून विमानाकडे पाहिलं. दयानंदराव त्या वेळी पेपर वाचत होते आणि पेपर उलटा होता, असं त्या पुढे कित्येक दिवस सांगत असत.

“ते पडद्याचं न्हवतं का?” दयानंदरावांनी पेपरामागून विचारलं.

“माझ्या बापाची अब्रू हाय ती,” वर्षाराणी म्हणाल्या. “काढा.”

काढा म्हणणं सोपं होतं. दयानंदरावांनी आधी ओढून पाहिलं. मग पिळून पाहिलं. मग वरच्या मजल्यावरचे सुदर्शनराव आले. सुदर्शनराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसाकडे वेळ असतो आणि सुदर्शनरावांकडे त्याच्या जोडीला सल्ले होते. गार केलं की धातू आकसतो, असं सांगून त्यांनी विमान फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवायला लावलं. शेपटी आत मावेना, तेव्हा दार दोरीने बांधलं. दार नीट लागलं नाही, खालचं दही आंबलं आणि दूध फाटलं. इंजिनं होती तिथेच राहिली. मग सुदर्शनरावांना आठवलं की आपल्या मनात गार नव्हे, गरम होतं. पोहे करायच्या मोठ्या कढईत पाणी उकळून त्यात विमान धरलं. गोंदाला काही झालं नाही, पंख मात्र मऊ पडले आणि उतू गेलेल्या सायीसारखे खाली लोंबायला लागले. सुदर्शनराव म्हणाले की याचा अर्थ पद्धत बरोबर आहे, फक्त ती चुकीच्या जागी लागू पडली. दयानंदरावांनी पंख हाताने धरून गार होईपर्यंत सरळ ठेवले. बोटं भाजली. तरी त्यांच्या तोंडून अपशब्द निघाला नाही, कारण सुदर्शनरावांकडे अजून तिसरा सल्ला होता आणि तो काय असेल याची भीती वाटत होती. तिसरा सल्ला नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा निघाला. त्याने शेपटीवरचे काळे ठिपके वाहत येऊन त्यांची एकच काळी शेपटी झाली.

शेवटी भांडेबाजारातला तांबट गाठला. त्याने विमान उलटंपालटं करून पाहिलं आणि सांगितलं की ज्योत लावली तर प्लास्टिक वितळून शेंब्यांत उतरेल, मग त्या ना शिंगात जातील ना विमानात. हातोडी मारली तर पितळ चेपेल. त्याने दुकानातल्या सगळ्यांना विमान दाखवलं. ‘साहेबांनी घरी केलंय’, असं तो प्रत्येकाला सांगत होता आणि प्रत्येक जण साहेबांकडे बघत होता.

तेव्हा विमानच घेऊन जायचं ठरलं. वर्षाराणींनी ठरवलं आणि दयानंदरावांनी होकार दिला. तसा तो कुणी मागितला नव्हता.

बसमध्ये कंडक्टरपुढे प्रश्न पडला. सामान म्हणावं तर वर ठेवता येत नाही आणि खाली ठेवलं तर वाट अडते. त्याने बराच विचार केला, ड्रायव्हरशी बोलला आणि निवाडा दिला की लहान लेकराला जो नियम तोच याला. मांडीवर घेतलं तर तिकीट नाही. नियमाचा मान ठेवणं दयानंदरावांच्या रक्तातच असल्यामुळे ते सगळी वाट विमान मांडीवर घेऊन ताठ बसले. शेजारच्या म्हातारीने विचारलं की हे कोणत्या देवाला वाहायचं आहे, नवसाचं आहे का? पोरगं परदेशात जावं म्हणून लोक काय काय बोलतात, तिला माहीत होतं. दयानंदराव हो म्हणाले. खरं सांगण्यापेक्षा तेच सोपं होतं. म्हातारीने विमानाला हात लावून नमस्कार केला आणि पुढच्या सीटवरच्या दोघींनीही केला.

गावी पोचले ती खांदमळणीची संध्याकाळ होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. ग्यानोबा मानाच्या बैलाचा, हिऱ्याचा, खांदा मळत होते. जावयाच्या हातातलं विमान पाहून त्यांचे हात थांबले. वर्षाराणींनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सासूबाई कस्तुराबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या आणि आतून हसण्याचा आवाज आला.

ग्यानोबा हसले नाहीत. ते उठले, हात पुसले आणि विमानाभोवती एक फेरी मारली. जनावर विकत घेताना मारतात तशी. वाकून त्याच्या पोटाखाली पाहिलं. शेपटीला हात लावला.

“जावईबापू,” ते म्हणाले, “तोंड वानेऱ्याचं हाय, अंग शेवऱ्याचं हाय, आन् शेपूट म्हशीचं. वशिंड तर न्हाईच. असलं जनावर परदर्शनात उभं करू देत न्हाईत.”

देवणी जनावरांत तोंड काळं तो वानेरा आणि अंगभर ठिपके तो शेवरा. या दोन जाती एकत्र करायच्या नसतात हे दयानंदरावांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी घसा खाकरून सांगायला सुरुवात केली की हे खरं विमान नव्हे, देवणीचं हवाई दल असतं तर ते कसं असतं, अशी ही कल्पना आहे. ग्यानोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते खाली बसले. एकदम त्यांचं वय झालेलं दिसलं.

“शेंब्या असत्या तर,” ते म्हणाले, “उद्या हिऱ्या पुढं असता.”

ते वाक्य दयानंदरावांच्या जिव्हारी लागलं. ‘असतं तर’ म्हणायची इतकी वर्षं हौस केली, पण ते इतकं वाईट ऐकू येऊ शकतं, हे त्यांना आजच कळलं. त्या संध्याकाळी ते पुरणपोळीच्या आवतणाचंही जेवले नाहीत. अर्थात आवतण बैलांचं होतं, आणि तेही दुसऱ्या दिवसाचं. पण त्यांनी भाकरीही अर्धीच खाल्ली.

सकाळी गावात बातमी पसरली होती. शेषेराव नवा फेटा बांधून, बैलाला झूल घालून देवळापुढे आधीच येऊन उभे होते. चार वडीलधारी मंडळी पारावर बसली होती. शेषेराव गोड आवाजात म्हणाले की ग्यानोबांचं वाईट वाटतं, पण रीत ती रीत. आणि मग गर्दीतून कुणीतरी घसा खाकरला. ते दयानंदराव होते. विमान त्यांच्या काखेत होतं.

गाव आधीच हसायला लागलं होतं, पण दयानंदरावांनी ऑफिसातला आवाज काढला. समोरच्याने आणलेला कागद कसा नियमात बसत नाही हे सांगायचा तो आवाज. फक्त आज तो उलट्या दिशेने चालवायचा होता.

“रीत काय हाय?” त्यांनी विचारलं. “शेंब्या शिंगात पायजेत. बरोबर? मग शेंब्यांला दुसरं काही जोडलेलं नसावं, असं रीतीत कुठं हाय? गोंडे जोडता, घुंगरं जोडता. कुणी हरकत घेतली का आजवर?”

पारावरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. शेषेराव म्हणाले की गोंडा वेगळा, विमान वेगळं. दयानंदरावांनी विचारलं की ते किती मोठं झाल्यावर वेगळं होतं, तेवढं सांगा. मंडळींना पोळ्यात आजवर विमान बघायला मिळालेलं नव्हतं आणि ही संधी हातची घालवायची त्यांची इच्छा नव्हती. शिंगात बसलं तर चालेल, असं ठरलं.

आता ते बसवायचं होतं आणि कसं बसतं हे एकट्या दयानंदरावांना माहीत होतं. समोर हिऱ्या उभा होता. रंगवलेली शिंगं, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. गावातल्या झाडून साऱ्यांना ती कडब्याची गंजी आठवत होती. दोघं-तिघं तर तिकडे बघतही होते. दयानंदरावांनीही एकदा पाहिलं. ग्यानोबांनी कासरा धरला आणि हळूच म्हणाले, “काय करत न्हाई तो. या.”

ते गेले. हिऱ्याच्या तोंडापुढे उभे राहिले. हिऱ्याने त्यांचा शर्ट हुंगला, बाही चाटली आणि त्यावर पुढे काही करायचं त्याने मनात आणलं नाही. पण दोन शिंगांच्या टोकांतलं अंतर इंजिनांतल्या अंतरापेक्षा दोन बोटं जास्त निघालं. शेषेराव फेटा सारखा करायला लागले. तेव्हा दयानंदरावांनी कस्तुराबाईंकडे उकळतं पाणी मागितलं. विमानाच्या पंखांवर ते ओतलं, पंख मऊ पडले, ताणले, शेंब्या बरोबर शिंगांच्या टोकांवर चढल्या आणि वर्षाराणींनी भोकांतून दोरी ओवून त्या करकचून आवळल्या. सुदर्शनरावांच्या सल्ल्याचा आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला, पण ते बघायला सुदर्शनराव तिथे नव्हते.

हिऱ्याची शिंगं वर वळलेली. त्यामुळे विमान नाक आभाळाकडे करून बसलं, आता धावपट्टी सोडतंय असं. ताशा वाजायला लागला. गावाला फेरी घालायला हिऱ्या पुढे निघाला, मागे गावची सगळी जनावरं. वाटेत दोघा-चौघांनी ग्यानोबांना विचारलं की हे काय. ग्यानोबा मान ताठ करून सांगत होते, “जावयाचं इमान हाय. वेगळी जात हाय.” दयानंदरावांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्यांचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत त्यांच्या कुठल्याही टिप्पणीवर कुणी असा शेरा मारलेला नव्हता.

फेरी संपवून देवळापुढच्या तोरणापाशी बैल थांबले. आमच्याकडे पोळ्याला बैलांचं लग्न लावतात. मंगलाष्टकं होतात, अक्षता पडतात, मग तोरण तोडून पोळा फुटतो आणि जनावरं घराकडे धावतात. भटजींचं दुसरं मंगलाष्टक चाललं होतं. तोरण दरवर्षीच्याच उंचीवर बांधलेलं होतं. बांधणाऱ्याने हिशेब बैलाचा धरला होता, विमानाचा नव्हे. कपाळावर अक्षता पडल्यावर हिऱ्याने मान उडवली आणि विमानाचं आभाळाकडे केलेलं नाक तोरणाच्या दोरीत अडकलं.

हिऱ्याला वाटलं, तोरण तुटलं. त्याने रीतीप्रमाणे धाव घेतली. त्याच्यामागे सगळ्या जनावरांनी घेतली. नवरदेव पळाले, भटजी अक्षतांच्या ताटासकट पारावर चढले आणि शेषेरावांच्या फेट्याचा शेमला त्यांच्याच बैलाच्या तोंडात सापडला. पोळा लग्नाच्या आधीच फुटला, असं या गावात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

धूळ खाली बसली तेव्हा तोरण शाबूत होतं. आंब्याच्या पानांमध्ये, दोन खांबांच्या मधोमध, बिनइंजिनाचं एक विमान दोरीत नाक अडकून लोंबकळत झोके घेत होतं. गार, गरम, औषध, तांबट, कुणालाच न जुमानलेली ती इंजिनं पंखांचे तुकडे घेऊन एका हिसक्यात निघाली होती. आणि पलीकडे, गोठ्याच्या दारात, हिऱ्या उभा होता. शिंगांत दोन्ही शेंब्या, न चेपलेल्या, उन्हात चमकणाऱ्या. मान राहिला होता.

दयानंदराव तोरणाखाली उभे राहून वर बघत होते. आठ महिन्यांची मेहनत झोके घेत होती. त्यांना रडू येत होतं आणि ते येऊ द्यावं की नाही हे ठरत नव्हतं. त्यांचं एकही विमान आजवर हॉलबाहेर उडालेलं नव्हतं. हे पहिलंच होतं, आणि तेही क्षणभर. ग्यानोबा त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनीही वर पाहिलं.

“हिऱ्याला जोडीदार हाय,” ते म्हणाले. “दोन बैल, चार शिंगं. पुढल्या पोळ्याला चार इंजनाचं करा. आन् त्या येळंला तोंड वानेऱ्याचं असलं तर अंगबी वानेऱ्याचंच ठिवा.”

त्यांनी दुसऱ्या बैलाच्या साध्या शेंब्या सोडून आणल्या होत्या. त्या त्यांनी जावयाच्या हातावर ठेवल्या. जोडीतले दोन बैल वेगवेगळ्या दिशांना निघाले तर मधल्या पंखाचं काय होईल, असं दयानंदरावांच्या मनात आलं होतं. पण सासऱ्यांना तसं विचारायची त्यांची हिंमत नव्हती, आणि इच्छाही नव्हती. ते मनातल्या मनात पंखाची लांबी मोजायलाही लागले होते.

वर्षाराणींनी त्या शेंब्या त्यांच्या हातावरून उचलल्या आणि आपल्या पर्समध्ये टाकल्या. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला की परत मिळतील, असं त्या म्हणाल्या. ग्यानोबांनी जावयाकडे पाहिलं, पण त्या बाबतीत त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं.